तब्बल, अवघे आणि म्हणे : वर्गात तथ्य आणि मत कसं शिकवायचं (नव्या शिक्षकांसाठी)

पहिल्यांदा हा भाग शिकवला तेव्हा मी फळ्यावर दोन रकाने आखले, एकात तथ्य, दुसऱ्यात मत, आणि दहा वाक्यं दिली. सूर्य पूर्वेला उगवतो, गुलाब सुंदर असतो, असली. सातवीच्या चाळीसपैकी अडतीस पोरांचे दहापैकी दहा आले आणि मी खूश, झालं की शिकवून. पुढच्याच आठवड्यात एकाने वडिलांच्या मोबाईलवरचा मेसेज वहीत उतरवून आणला, की युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगातलं सर्वोत्तम म्हणून जाहीर केलंय, आणि सगळ्या वर्गाने एका सुरात ते तथ्याच्या रकान्यात टाकलं. का रे? तर, बाई त्यात युनेस्कोचं नाव आहे ना! युनेस्कोने असं काही जाहीर केलेलं नाही, तो मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. म्हणजे माझी पोरं फक्त ती दहा वाक्यं ओळखायला शिकली होती, बाकी काही नाही.

त्यानंतर दरवर्षी थोडं थोडं बदलत गेले. आता जे करते ते खाली लिहितेय, नुकतेच लागलेले शिक्षक, शिक्षणसेवक म्हणून असलेले, घरगुती क्लास घेणारे, कुणालाही जमेल. सहावी ते आठवीला सगळ्यात चांगलं बसतं. आठवड्याला एक तास धरला तर दोन-अडीच महिने लागतात, घाई केली तर ते दोन रकानेच हातात राहतात. सामान म्हणाल तर रद्दीतले पेपर, दोन रंगांची पेनं आणि एक घड्याळ. प्रोजेक्टर वगैरे नको.

सुरुवातीलाच : "तथ्य" हा शब्दच गोंधळ घालतो

आपण मराठीत म्हणतो ना, "त्यात काही तथ्य नाही". म्हणजे ते खोटं आहे. मग पोरांच्या डोक्यात तथ्य म्हणजे खरं, आणि जे खरं नाही ते आपोआप मत. आता "कळसूबाईची उंची १८४६ मीटर आहे" हे वाक्य कुठे टाकणार? चूक आहे, उंची १६४६ मीटर आहे. पण ते कुणाचं मत आहे का? नाही. मोजून, पुस्तकात बघून ठरवता येतं, ठरवलं तर चूक निघतं, एवढंच. म्हणून मी पहिले दोन आठवडे तथ्य हा शब्दच वापरत नाही. विचारते एकच, "हे तपासता येईल का, आणि कसं?" ज्याचं उत्तर मोजून, बघून, कागद शोधून मिळेल ते तपासायचं वाक्य, मग ते खरं निघो की खोटं. जे कितीही मोजलं तरी माणसागणिक वेगळंच राहणार ते मत. तथ्य हा शब्द नंतर आणायचा, तपासून खरं निघालेल्या वाक्याचं नाव म्हणून. परीक्षेत तोच शब्द येतो त्यामुळे आणावा तर लागतोच.

पायरी १ : तोंडी खेळ, वही बंद

पहिला तास नुसता बोलण्याचा. तुम्ही वाक्य टाकायचं, पोरांनी "कसं तपासणार" ते सांगायचं. वर्गातल्या वस्तूंपासून सुरू करा. "या वर्गाला तीन खिडक्या आहेत." मोजू, बाई. "या वर्गाला खिडक्या कमी आहेत." इथे जरा शांतता होते. मग कुणीतरी म्हणतं मोजल्या की तीनच, मग कमी कशा, आणि मागच्या बेंचवरची पोरगी म्हणते आम्हाला दुपारी फळा दिसत नाही, म्हणून कमी. घ्या! हे सोनं आहे, हातचं जाऊ देऊ नका. तिने मतामागे तपासता येणारी गोष्ट ठेवली. तिला तिच्या जागेवर बसवून फळा दिसतो का ते खरंच बघा. पुढे युक्तिवाद म्हणून जे काही शिकवायचंय त्याचं बी इथेच आहे.

मग बाहेरची वाक्यं. सचिन तेंडुलकरने आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये १०० शतकं केली, हे तपासता येतं. सचिन जगातला सर्वात महान फलंदाज, हे मत, आणि इथे भांडणं होणार, होऊ द्या. कोकणातल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे तपासता येतं. हापूसपुढे केशर काहीच नाही, हे मत, आणि मराठवाड्यातलं पोरगं वर्गात असेल तर मजा येते.

या तासाला तीन चुका हमखास होतात, त्या आधीच माहीत असू द्या. एक, आकडा दिसला की तथ्य. "माझी आई शंभर टक्के जगात भारी" यात आकडा आहे म्हणून काय झालं. दोन, "मला वाटतं" दिसलं की मत. "मला वाटतं आज गुरुवार आहे" हे मत नाही, कॅलेंडर बघा की. तीन, सगळे म्हणतात म्हणजे खरं. यासाठी मी हॉकी ठेवलीय. भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता? हॉकी!! सगळा वर्ग ओरडतो, कधीकधी शेजारच्या वर्गातले सरही. केंद्र सरकारने कुठलाच खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून अधिकृतपणे जाहीर केलेला नाही. हे सांगितल्यावर पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात, दोन जण तरी घरी जाऊन वडिलांशी पैज लावतात.

पायरी २ : शब्दांच्या पोटात लपलेलं मत

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि पाठ्यपुस्तकातल्या स्वाध्यायात नेमकी हीच सुटते. खऱ्या जगात तथ्य आणि मत वेगवेगळ्या वाक्यांत रांगेत उभे नसतात, एकाच वाक्यात गुंतलेले असतात. फळ्यावर ही दोन वाक्यं लिहा.

सभेला तब्बल ४० हजार लोक आले.
सभेला अवघे ४० हजार लोक आले.

आकडा तोच. मग फरक कशाने पडला? पोरं लगेच पकडतात. तब्बल म्हणणाऱ्याला ती गर्दी वाटली, अवघे म्हणणाऱ्याला फजिती वाटली. आकडा तपासता येतो, तब्बल आणि अवघे तपासता येत नाहीत. आता अशा शब्दांची लिस्ट पोरांनीच करायची. चक्क, केवळ, फक्त, अखेर, मात्र, तोबा, धक्कादायक. "अखेर रस्ता झाला" यातल्या अखेरमध्ये केवढी तक्रार आहे बघा. क्रियापदंही सोडू नका. "मोर्चेकऱ्यांनी घोषणा दिल्या" आणि "मोर्चेकऱ्यांनी गोंधळ घातला". "ते म्हणाले" आणि "त्यांनी कबूल केलं". कबूल केलं म्हटलं की माणूस आधीच गुन्हेगार झाला.

मग रद्दी वाटायची. दोघांत एक पान. तपासता येणाऱ्या भागाखाली निळी रेघ, मत असलेल्या शब्दाखाली लाल. पहिल्या पानाच्या बातम्या घ्या, अग्रलेख नको, अग्रलेख मत असतो हे माहीतच असतं, त्यात शोधण्यासारखं काय. जाहिरात एक तरी द्या. खेळाचं पानही भारी चालतं, तिथे "धुव्वा", "लोळवलं", "निसटता विजय" असा सगळा लाल माल भरलेला असतो.

याच्याच जोडीला मराठीने आपल्याला फुकट दिलेली एक गोष्ट वापरा, "म्हणे". "रम्या पळून गेला" आणि "रम्या म्हणे पळून गेला". एका दोन अक्षरी शब्दाने सांगणारा हात वर करून मोकळा होतो, की मी पाहिलं नाही बाबा, ऐकलंय. तसंच "असेल", "असावा", "बहुतेक" आणि उलट्या टोकाला तो "च". "त्यानेच फोडली", "हेच खरं", "असणारच". पोरांना विचारा, एखादी गोष्ट गावभर फिरते तेव्हा त्यातून पहिला शब्द कोणता गळतो? म्हणे गळतो. दुसऱ्या वळणावर च येऊन चिकटतो. पराचा कावळा असा होतो. पाच जणांना पुढे बोलवून कानगोष्टीचा खेळ घ्या, पण शेवटचं वाक्य काय झालं हे हसण्यासाठी बघू नका, म्हणे कुणाच्या तोंडून पडला ते शोधा.

गृहपाठ एकच. शाळेतल्या कबड्डीच्या एका मॅचवर तीन वेळा चार ओळी लिहायच्या, गुण लिहिणाऱ्याच्या नजरेतून, जिंकलेल्या कॅप्टनच्या आणि हरलेल्याच्या. तिन्हीत गुण तेच पाहिजेत, खोटं काही लिहायचं नाही. एकही खोटी गोष्ट न सांगता किती वेगळं चित्र उभं करता येतं हे त्यांना स्वतःच्या हाताने कळतं आणि मग पेपर वाचताना ते विसरत नाहीत.

पायरी ३ : तुला कुठून कळलं?

हा प्रश्न वर्गात इतका विचारायचा की पोरं तुम्हालाच विचारायला लागली पाहिजेत. फळ्यावर शिडी काढा. सगळ्यात वर, मी स्वतः पाहिलं किंवा मोजलं. त्याखाली, ज्याने पाहिलं त्याने मला सांगितलं. त्याखाली, ज्याचं ते कामच आहे त्याने अभ्यास करून लिहिलं. सगळ्यात खाली, म्हणे. (पोरं इथे वाद घालतात की अभ्यास करणारा पाहणाऱ्याच्या वर पाहिजे. घालू द्या, कारण कधी तो वर असतो, कधी नसतो. रस्त्यावरच्या अपघातात पाहणारा वर, आजार कशाने झाला यात डॉक्टर वर.)

उदाहरण म्हणून मी लोणार घेते. बुलढाणा जिल्ह्यातलं हे सरोवर, उल्का आदळून तयार झालेलं, पाणी खारट. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झालं. गुलाबी झालं हे तपासता येणारं, फोटो आहेत, लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. पण का झालं? तेव्हा गावोगावी काय काय बोललं गेलं असेल ते पोरांना कल्पनेने लिहायला सांगा, धमाल लिहितात, कोप झाला, केमिकल सोडलं, लॉकडाऊनमुळे निसर्ग खूश झाला. मग सांगा, की पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले आणि मिठाच्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव हे कारण दिलं, उन्हाळ्यात पाणी आटून खारटपणा वाढल्यावर ते वाढतात. आता "गुलाबी लोणार जास्त सुंदर दिसतं" हे वाक्य टाका. एकाच विषयात पाहिलेलं, अंदाज, तपासलेलं कारण आणि मत, चारही मिळाले.

मग पुन्हा तो युनेस्कोवाला मेसेज काढते आणि शेजारी दुसरं वाक्य लिहिते, "२०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले." दोन्हीत युनेस्को, दोन्ही अभिमानाची, दिसायला सारखी. दुसरं खरं आहे, रायगड, शिवनेरी, साल्हेर असे महाराष्ट्रातले ११ आणि तमिळनाडूतला जिंजी. फरक वाक्य बघून कळत नाही, शोधल्यावरच कळतो, युनेस्कोची वारसा यादी उघडी आहे, कुणीही बघावी, राष्ट्रगीतांची यादी तिथे नाहीच. ऐकून छाती फुगते त्या मेसेजला दोनदा तपासायचं, हा आमच्या वर्गाचा नियम आहे.

आता अवघड प्रश्न, जो तुमच्या पहिल्याच आठवड्यात येणार. "बाई, देव आहे हे तथ्य की मत?" घाबरू नका आणि हसण्यावारीही नेऊ नका. मी सांगते की माणसांकडे तिसरीही एक पेटी असते, श्रद्धेची, तिच्यावर आपण वर्गात हात वर करून मतदान घेणार नाही. पण देवळाबद्दल तपासता येणाऱ्या पुष्कळ गोष्टी आहेत, कधी बांधलं, दगड कुठला, शिलालेख आहे का, त्या आपण तपासू. आणि कुणी म्हणालं की अमुक अंगारा लावला की ताप उतरतो, तर ते श्रद्धेच्या पेटीत लपवता येणार नाही, ते तपासता येणारं वाक्य आहे. पालक विचारायला आले तर घटनेचं कलम ५१ क दाखवा, वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक वृत्ती वाढवणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून तिथे लिहिलेलंय. मला एकदाच दाखवावं लागलं, ते गृहस्थ चहा पिऊन गेले. निवडणुकीच्या महिन्यात मात्र चालू राजकारण वर्गात घेऊ नका, शिकवणं बाजूला राहतं आणि गाव तुमचा पक्ष शोधत बसतं.

पायरी ४ : मुद्दा बांधायचा कसा

इथपर्यंत आलं की काही पोरांचा गैरसमज होतो, मत म्हणजे हलकं, तथ्य म्हणजे भारी. एक मुलगी तर म्हणाली मी आता मतच ठेवणार नाही! अगं, मग शाळेत पाणी पाहिजे हे कोण सांगणार. जगातले सगळे निर्णय मतांवर होतात, फक्त कुठलं मत तथ्यावर उभं आहे आणि कुठलं नुसतं हवेत, एवढंच बघायचं.

मुद्द्याचे तीन तुकडे करायचे. मला काय म्हणायचंय, का, आणि त्याचा पुरावा काय. पोरांची नेहमीची चूक म्हणजे का मध्ये पहिलंच वाक्य फिरवून लिहिणं. "मोबाईल वाईट आहे कारण त्याने मुलं बिघडतात." बिघडतात म्हणजे काय? "म्हणजे वाईट होतात." गोल फिरून तिथेच. यावर उपाय, पुराव्याच्या जागी आपल्या वर्गातली, गावातली, डोळ्यासमोरची गोष्ट मागायची.

आणि चौथा तुकडा, न दिसणारा, त्यासाठी आपल्या जुन्या न्यायशास्त्रातलं (कोर्टाचं नव्हे, तर्क कसा करायचा त्याचं शास्त्र) उदाहरण चुटकीसरशी समजतं. डोंगरावर आग आहे, कारण तिथून धूर येतोय. यात एक वाक्य कुणी बोललंच नाही, जिथे धूर तिथे आग. चुलीजवळ बसणाऱ्या पोरांना ते माहीत आहे, म्हणून बोलावं लागत नाही. पण मी विचारते, पावसाळ्यात सकाळी घाटात दिसतं तो धूर की धुकं? मग पोरं म्हणतात, बाई, ते आधी बघायला लागेल. बस्स. प्रत्येक मुद्द्याच्या खाली असं एक न बोललेलं वाक्य असतं, ते शोधून मोठ्याने म्हणायचं. "तो गरीब आहे, त्यानेच चोरलं असणार." यातलं न बोललेलं वाक्य एका पोराला मोठ्याने वाचायला सांगा. वर्ग गप्प होतो. मी त्यावर काही भाष्य करत नाही, गरज पडत नाही.

पायरी ५ : ऐकणारा कोण आहे

पटवणं म्हणजे आवाज चढवणं असं आपल्याकडे वक्तृत्व स्पर्धांनी शिकवलंय. "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" इथून सुरू होऊन मधे दोन चारोळ्या, टेबलावर मूठ आणि शेवटी जय हिंद. भाषण बहुतेक वेळा बाईंनीच लिहिलेलं, पाठ केलेलं, पोराला एक प्रश्न विचारला की गडबडतो. मी स्वतः अशी वीसेक भाषणं लिहून दिलीत, त्यामुळे बोलायचा मला हक्क आहे. या दोन-अडीच महिन्यांत चारोळ्या बंद, पाठांतर बंद, हातात फक्त एक चिठ्ठी आणि तिच्यावर तीन शब्द.

चांगला नमुना दाखवायचा तर मी महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे मांडलेलं निवेदन सांगते. ऐकणारे कोण? इंग्रज सरकारने नेमलेला आयोग. त्यांच्यापुढे फुल्यांनी काय केलं बघा. आधी स्वतःच्या शाळांचा अनुभव ठेवला, म्हणजे हा माणूस ऐकीव बोलत नाहीये, १८४८ पासून शाळा काढतोय. मग सरकारच्याच हिशेबावर बोट ठेवलं, तुमचा महसूल मोठ्या प्रमाणात कष्टकरी शेतकऱ्यांच्या घामातून येतो, आणि शिक्षणावरचा पैसा मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर जातो. आणि शेवटी मागणी मोघम नाही, प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, निदान वयाच्या १२ व्या वर्षापर्यंत. पोरांना विचारा, यात तपासता येणारं कुठलं, मत कुठलं, न बोललेलं वाक्य कुठलं? (ज्याचा पैसा त्याच्या पोरांवर आधी खर्च व्हावा, हे कुणीतरी बरोबर काढतंच.) आणि विचारा, हेच फुले शेतकऱ्यांसमोर बोलत असते तर सुरुवात कुठून केली असती?

भावना वापरायची की नाही यावर शिक्षकांत दोन तट आहेत. माझं म्हणाल तर वापरायची, पण तथ्याच्या मागून. आधी आकडा, मग त्या आकड्यातलं एक माणूस.

पायरी ६ : आधी समोरच्याचं म्हणणं

आपल्याकडे याला पूर्वपक्ष म्हणतात, समोरच्याचं म्हणणं नीट मांडायचं आणि मगच उत्तर द्यायचं. त्याच न्यायशास्त्राचा मूळ ग्रंथ म्हणजे न्यायसूत्रं, त्यांनी बोलण्याच्या भांडणाचे तीन प्रकार केलेत. वाद, म्हणजे दोघांनाही खरं काय ते शोधायचंय. जल्प, म्हणजे काहीही करून जिंकायचंय. आणि वितंडा, म्हणजे स्वतःचं काही मांडायचंच नाही, फक्त समोरच्याचं पाडायचं. वितंडवाद हा शब्द पोरांनी ऐकलेला असतो, अर्थ कळल्यावर ती टीव्हीवरच्या चर्चा ऐकून प्रकार सांगायला लागतात, फार क्वचित वाद निघतो.

वर्गातला नियम असा. उत्तर देण्याआधी समोरच्याचा मुद्दा आपल्या शब्दांत सांगायचा, तो "हो, मला हेच म्हणायचंय" म्हणाला की मगच पुढे. पहिल्या दिवशी प्रचंड वेळ जातो, कारण कुणी ऐकलेलंच नसतं, सगळे आपलंच घोडं पुढे दामटत असतात. दुसऱ्या वेळेपासून ऐकायला लागतात. बाजू चिठ्ठी टाकून ठरवायची, आवडीने नाही, आणि अर्ध्यात बाजू बदलायच्या.

विषय? मोबाईल शाप की वरदान हा विषय कृपया देऊ नका, तो चावून चोथा झालाय. मी आठवीला गोव्याचा १९६७ चा जनमत कौल देते. १९६१ च्या डिसेंबरात गोवा पोर्तुगिजांकडून मुक्त झाला, मग प्रश्न आला की महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित वेगळं राहायचं. १६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं, विलीनीकरणाचं चिन्ह फूल, वेगळं राहण्याचं दोन पानं. वेगळं राहण्याला १,७२,१९१ मतं, विलीनीकरणाला १,३८,१७०. फरक ३४,०२१.

या विषयाची गंमत अशी की महाराष्ट्रातल्या पोरांना वाटतं फुलाची बाजू सोपी, आपलीच आहे. मग चिठ्ठीत दोन पानं येतात आणि डोकं खाजवावं लागतं. कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा यावर दोन्ही बाजू आकाशपाताळ एक करतात, तेव्हा मी थांबवून विचारते, हे तपासता येतं का? शब्द, व्याकरण तपासता येतं, साहित्य अकादमीने १९७५ साली कोकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली हे तपासता येतं, पण भाषा कुठे संपते आणि बोली कुठे सुरू होते ही रेघ कुणीतरी ओढावी लागते. मग शेवटी एक गुगली टाकते. कौलानंतर थोड्याच आठवड्यांत गोव्यात विधानसभा निवडणूक झाली आणि विलीनीकरण मागणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच पुन्हा जिंकला. आता सांगा, असं का झालं? पाच गट पाच कारणं आणतात. कारणं म्हणजे मतं, प्रत्येकाने खाली काय पुरावा लागेल ते लिहायचं. गोव्यातला कुणी शिक्षक हे वाचत असेल तर चिठ्ठ्या उलट्या टाकून बघा, तुमच्याकडे फुलाची बाजू अवघड जाईल का ते.

मार्क कसे द्यायचे

थोडक्यात सांगते. आवाज, हावभाव, उच्चार याला मी दहात एकच मार्क ठेवते. तपासता येणारी किमान दोन वाक्यं आणि ती कुठून कळली ते सांगितलं, याला चार. समोरच्याचं म्हणणं प्रामाणिकपणे मांडलं, तीन. आणि उरलेले दोन, बोलताना कुठे "हे मला माहीत नाही" किंवा "इथे तुझं बरोबर" म्हणाला तर. हे शेवटचे दोन मार्क मिळवायला पोरं आधी फार लाजतात, मग मुद्दाम मिळवतात, चालतंय.

शेवटची पायरी : खरा अर्ज

शेवटी भाषण नको, काहीतरी खरं मागायला लावा, ज्याला खरोखर कुणीतरी हो किंवा नाही म्हणेल. आमच्या वर्गाने निवडलं लहान सुट्टी. १० मिनिटांची, पोरांचं म्हणणं पुरत नाही, पाणीच प्यायला मिळत नाही. पहिला मसुदा सगळा लाल रेघांचा, "अतिशय गैरसोय", "भयंकर गर्दी", "विद्यार्थ्यांचे प्रचंड हाल". मी परत केला आणि घड्याळ दिलं.

तीन दिवस पोरं नळापाशी वही घेऊन उभी. नळ चार, चालू तीन. सुट्टीत साधारण १२० जण पाण्याला येतात. एकाला सरासरी २० सेकंद लागतात. म्हणजे एका नळाला ४० जण, ८०० सेकंद, १३ मिनिटं २० सेकंद. सुट्टी १० मिनिटांची. अर्जात एवढंच लिहिलं, आणि पूर्वपक्ष म्हणून हेही, की सुट्टी वाढवली तर तास कमी पडेल ही सरांची अडचण आम्हाला माहीत आहे, म्हणून ५ मिनिटं प्रार्थनेनंतरच्या सूचनांतून घ्यावीत. "प्रचंड हाल" एकाने हट्टाने ठेवला होता, वर्गाने मतदान करून काढला.

मुख्याध्यापकांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला. सुट्टी वाढवली नाही. पण आठ दिवसांत चौथा नळ दुरुस्त करून दिला, जो माझ्या माहितीत दोन वर्षं तसाच होता आणि ज्याबद्दल आम्ही शिक्षकांनी मीटिंगमध्ये नुसतं "पाण्याची गैरसोय होते" एवढंच म्हटलं होतं.

मी वर्गात म्हटलं, चला, जिंकलात. तर पहिल्या बेंचवरची एक, वहीत आकडेमोड करत, मान वर न करता म्हणाली, "बाई, चार नळ केले तरी ३० जण, ६०० सेकंद. म्हणजे पूर्ण १० मिनिटं पाण्यातच गेली. मुतारीला कधी जायचं?" दुसरा अर्ज तिनेच लिहिला.